हिरवं झाकण

आमच्या भंगाराच्या यार्डात एक नियम होता. आमच्या फौजेचं मोडकं लोखंड पलीकडच्यांनी कापायचं आणि त्यांचं आम्ही. नदीपलीकडून कामाला येणाऱ्यांना आम्ही पलीकडचे म्हणतो. लढाईत त्यांना जे म्हणायचो ते शब्द करारानंतर बंद झाले, पण ‘पलीकडचे’ म्हणताना आम्ही जो सूर लावतो त्याला बंदी घालणं अजून कोणाला जमलेलं नाही.

सुरुवातीला ज्याचं त्याने कापायचं असंच ठरलं होतं. मग आमच्यातल्या गॅसने लोखंड कापणाऱ्या एका कटरवाल्याला रणगाड्याच्या पोटात बूट सापडला. बुटात पाय होता, आणि नाडी बांधायची पद्धत त्याच्या ओळखीची होती. त्याने पेटता कटर खाली ठेवला आणि स्वतःचं डोकं त्या पोलादावर आपटायला लागला. धरायला गेलेल्या दोघांचे त्याने दात पाडले. पलीकडच्यांकडेही असंच काहीतरी घडलं. तेव्हा अदलाबदल झाली आणि कामाला असा वेग आला की कारखान्यावरची तज्ज्ञ मंडळी खूश झाली. दुसऱ्याची गाडी कापताना माणसाचा हात अडत नाही, उलट त्याला चेव येतो. सहकार्याने उत्पादन वाढलं, असं त्यांनी फलकावर लिहून लावलं. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये बसून रोज ते सहकार्य बघत होते. माणसं शिव्या घालत, थुंकत, दात ओठ खात लोखंड फाडत होती आणि भट्टीच्या दुसऱ्या टोकाने दोन्ही देशांसाठी रेल्वेचे रूळ बाहेर पडत होते.

कोळसा पलीकडचा, भंगार दोघांचं, भट्टीच्या विटा आणि यंत्रं तिसऱ्या देशाची. तिसरा देश म्हणजे ज्याने लढाईत दोघांनाही माल पुरवला तो, असं माझं मत आहे, पण माझं मत विचारतंय कोण? त्या देशाची एक बाई कारखान्यात बसायची. तिला आम्ही करारबाई म्हणायचो. तिचं काम एकच, शांतता आहे की नाही ते बघणं. करारात एक कलम होतं. दोन बाजूंच्या माणसांमध्ये कारखान्यात तीनदा रक्त सांडलं तर तिसरा देश हात काढून घेणार, करार मोडणार, कोळसा थांबणार. आणि ही भट्टी एकदा विझली की तिच्या पोटातलं लोखंड गोठतं, विटा तडकतात, मग ती पुन्हा पेटत नाही. सगळं गाव तिच्यावर जेवत होतं, आणि नदीपलीकडचंही.

दोनदा रक्त सांडून झालं होतं. एकदा आमच्या माणसाने पलीकडच्याला वॅगनवरून ढकललं, त्याची कंबर मोडली. एकदा त्यांच्यातल्या एकाने आमच्या माणसाचा हात पत्रा कापायच्या कातरीत धरला. दोन्ही वेळा करारबाईने काळा कोट घालून सगळ्यांना उभं केलं आणि दुसऱ्या वेळी, आता शेवटची संधी उरली आहे असं दुभाष्याकडून सांगितलं. तेव्हापासून मी माझ्या दिरावरची नजर काढली नव्हती.

मी क्रेन चालवते. लढाईत पुरुष कमी पडले तेव्हा शिकले, आणि पुरुष परत आल्यावर मला उठवायची कोणाची छाती झाली नाही. क्रेनच्या तोंडाला मोठा विजेचा चुंबक आहे. बटण दाबलं की तो लोखंड उचलतो, सोडलं की टाकतो. दीर खाली कटर चालवायचा. त्याला घरात धाकटा म्हणतात. थोरला माझा नवरा. तो चिलखती गाडी चालवायचा आणि नदीवरचा पूल पडला त्या दिवशी बेपत्ता झाला. सरकारकडून आलं ते एवढंच, बेपत्ता. सासूबाईंनी त्या शब्दाला घट्ट धरून ठेवलं होतं.

शेवटच्या सुट्टीत आला होता तेव्हा त्याने घरातून दोन गोष्टी उचलल्या. गाडीतल्या त्याच्या डोक्यावरच्या झाकणाची कडी मोडली होती आणि कोठारातून नवी मिळत नव्हती, म्हणून त्याने न्हाणीघराच्या दाराची आडवी सरकणारी कडी कोयंड्यासकट उपटली. वर त्याच दाराला लावून उरलेला हिरवा रंग घेतला. झाकण हिरवं रंगवीन म्हणाला, म्हणजे गाड्यांच्या गर्दीत आपली गाडी सापडेल. सासूबाई त्याच्यावर तोंड सोडून बसल्या.

“अरे मेल्या, बायका अंघोळ कशा करणार?”

“आणतो ना परत, आई,” तो म्हणाला. “तोवर आतून गाणं म्हणत जा.”

तेव्हापासून आमच्या न्हाणीघराचं दार सुतळीने बांधायचं. मी बाजारातून नवी कडी आणली तर सासूबाईंनी ती खिडकीतून भिरकावून दिली. तो आणणार आहे, म्हणाल्या. त्यानंतर मी त्या विषयात पडले नाही. दोन बायका आणि एक तरणा दीर अशा घरात सुतळीच्या दाराआड अंघोळ करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. आम्ही खरंच गाणं म्हणायचो.

धाकट्याची लढाई संपलीच नव्हती. झोपेत तो भिंतीला गुद्दे मारायचा. जेवताना मध्येच थांबायचा आणि पलीकडच्यांपैकी कोणाचा गळा कसा आहे ते सांगायचा. “दादाच्या बदल्यात एक तरी,” म्हणायचा, “फक्त एक, वहिनी.” मी चिडायचे, रडायचे, ताट ओढून घ्यायचे. मला या जगात एकच गोष्ट हवी होती. हा पोरगा कोणाचा खून न करता म्हातारा व्हावा. नवरा गेला होता, हे मला सासूबाईंइतकं नाकारता येत नव्हतं. उरलेल्याला तरी फासावर जाताना बघायचं नव्हतं.

ज्याच्या गळ्याबद्दल तो सगळ्यात जास्त बोलायचा तो लांब्या. पलीकडचा कटरवाला, ताडमाड, धाकट्याच्या शेजारच्याच खणात. मध्ये फक्त क्रेनची मोकळी वाट. हा लांब्या लढाईत तोफेवर होता आणि त्याला एक भारी वाईट खोड होती. आमची गाडी कापायला आली की तो आधी तिला पडलेलं भोक शोधायचा, खडूने त्याच्याभोवती गोल काढायचा आणि कुठल्या तोफेचा गोळा, कुठून आला, ते आपल्या माणसांना सांगायचा. त्यात त्याला दुसऱ्याला खिजवायचं नसायचं. सुताराला सांधा दिसावा तसं त्याला भोक दिसायचं. पण ऐकणाऱ्याला त्याच्या मनातलं कसं कळणार? मी करारबाईला दोनदा सांगितलं होतं की याचा खडू काढून घ्या. ती म्हणाली, खडूबद्दल करारात काही नाही.

त्या सकाळी नदीवरून वॅगन आली. नव्या पुलाचे खांब घालायला गाळ उपसत होते, त्यात जुनं लोखंड निघत होतं. मी चुंबक वॅगनवर नेला. चिखलाने भरलेली चिलखती गाडी होती, मागची बाजू फाटलेली, पुढचा भाग शाबूत. चुंबक छताला चिकटला, तारा ताणल्या गेल्या, गाडी उचलली गेली आणि एका बाजूने चिखल घसरून पडला. चालकाच्या डोक्यावरचं झाकण मला वरून सरळ दिसलं. ते बंद होतं. गंजाच्या पापुद्र्यांमधून त्यावर हिरवा रंग दिसत होता, आमच्या दाराचा.

माझे हात सवयीने काम करत राहिले. आमची गाडी, म्हणजे लांब्याच्या खणात. क्रेन त्या दिशेला चालू लागली. मी केबिनमध्ये एवढंच म्हणत होते की धाकट्या, वर बघू नकोस, वर बघू नकोस. तो वाकून काम करत होता. ठिणग्या उडत होत्या. काळा चष्मा डोळ्यांवर होता. कदाचित त्याने बघितलंच नसतं.

लांब्याने बघितलं. गाडी त्याच्या डोक्यावर येऊन लटकली तेव्हा त्याने मान वर केली, कुशीला पडलेलं भोक पाहिलं, खिशातून खडू काढला आणि आमच्या भाषेत, मोठ्याने, कारण आमची भाषा त्याला येते हे दाखवायची त्याला हौस होती, म्हणाला, “हा टेकडीवरून. एका गोळ्यात काम. सुंदर.”

माझा अंगठा बटणावर होता. मनात काय आलं ते लपवायचं कारण नाही. तो बरोबर खाली होता. अंगठा उचलला असता तर माझ्या नवऱ्याच्या गाडीनेच त्याचा चेंदामेंदा केला असता, आणि क्रेन बिघडली म्हटल्यावर कोणी काय करणार होतं? मी अंगठा उचलायला लागले होते. एवढ्यात धाकट्याने चष्मा वर केला.

त्याने भोक बघितलं नाही. त्याने झाकण बघितलं. त्या सुट्टीत रंगाचा डबा त्यानेच धरला होता. कटर टाकून त्याने वाट एका उडीत ओलांडली आणि घणासारखी मूठ लांब्याच्या तोंडावर घातली. नाक फुटल्याचा आवाज मला वर ऐकू आला. लांब्या मागे कोसळला, धाकटा त्याच्या छातीवर बसला आणि ठोसे मारत सुटला, एकामागून एक, जसा झोपेत भिंतीला मारायचा तसाच. आता दोघेही त्या लटकत्या लोखंडाखाली होते.

पलीकडचे चार जण पहारी घेऊन धावले. आमचे त्यांना आडवे गेले. कोणीतरी कोणाच्या पोटरीवर साखळी मारली. एकाने एकाचा कान दातांनी धरला. गॅसची नळी तुटून फुत्कारायला लागली, तेव्हा कुठे दोन-तीन शहाणे बाटल्या बंद करायला पळाले. मी भोंगा वाजवला. कोणी ढुंकून बघितलं नाही. लांब्याने खालून गुडघा घालून धाकट्याला उडवलं, दोघे उठले, धडपडले, पुन्हा भिडले. लांब्याने त्याचं डोकं धरून पत्र्याच्या कडेवर आपटलं. धाकट्याने त्याच्या पोटात लाथ घातली आणि तो पडल्यावर शेजारची पहार उचलली.

मला चुंबक मोकळा हवा होता. आणि चुंबकाला माझा नवरा होता. ती गाडी हळूच खाली ठेवायला जितका वेळ लागतो तितका माझ्याकडे नव्हता. मी क्रेन वाटेवर सरकवली, खाली कोणी नाही एवढं पाहिलं आणि अंगठा उचलला. गाडी पडली. इतकी वर्षं नदीने सांभाळून ठेवलेलं सगळं मी माझ्या हाताने फोडलं. जमीन हादरली, चिखलाचा फवारा केबिनच्या काचेपर्यंत आला. खाली हाणामारी क्षणभर थबकली, पण धाकटा थबकला नाही. त्याने पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली होती आणि लांब्याची कवटी त्याच्या पायाशी होती.

मी चुंबक त्याच्या डोक्यावर आणून तसाच खाली सोडला आणि बटण दाबलं.

पहार वर खेचली गेली. डावा हात सुटला. उजवा सुटला नाही, त्याने मूठ इतकी आवळली होती की पहारीबरोबर तोही उचलला गेला आणि बोटं पोलाद आणि चुंबकाच्या मध्ये चेचली. तो किंचाळला. तसा आवाज मी लढाईतही ऐकला नव्हता. त्याचे पाय जमिनीवरून सुटले होते. मी बटण सोडलं. तो पहारीसकट खाली पडला आणि हात पोटाशी धरून लोळू लागला.

मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची कोणीच नव्हते.

“तू दादाला पाडलंस,” तो म्हणाला. मला त्याने जन्मात कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

“पाडलं,” मी म्हटलं. “गप पडून राहा.”

करारबाई आली, मागे दुभाष्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने लांब्याचं फुटलेलं तोंड पाहिलं, धाकट्याचा हात पाहिला, आणि हातातली कागदांची पिशवी उघडली. यार्डात कोणी हलेना. दोन्ही बाजूंच्या माणसांनी हातातलं लोखंड हळूहळू खाली ठेवलं. भट्टीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता, आणि प्रत्येक जण तो कान देऊन ऐकत होता.

“याचा हात कोणी मोडला?” दुभाष्याने विचारलं.

“मी,” मी म्हटलं. “माझा दीर आहे. घरचं भांडण आहे.”

दुभाष्याने सांगितलं. बाईने माझ्याकडे पाहिलं, मग वर चुंबकाकडे. चुंबकाला माझ्या दिराच्या बोटांचं कातडं चिकटलेलं होतं.

“घरच्या भांडणाबद्दल तुमच्या करारात काय आहे?” मी विचारलं. “आमच्यातल्या आमच्यात कोणी कोणाला मारलं तर कोळसा थांबतो का?”

बाईने कागद चाळले. खरं सांगायचं तर तिला ते चाळायची गरज नव्हती. मग तिने लांब्याकडे बोट केलं. लांब्या भिंतीला टेकून बसला होता. त्याचं नाक एका गालावर गेलं होतं आणि दात हातात होते. आता सगळं त्याच्यावर होतं. एक शब्द, आणि भट्टी विझली असती, धाकटा तुरुंगात गेला असता. त्याने भट्टीकडे पाहिलं. वाटेत फुटून पडलेल्या गाडीकडे पाहिलं. बंद झाकणाचा हिरवा रंग त्याला तिथून दिसत असणार.

“गाडी पडली,” तो आमच्या भाषेत म्हणाला. “पत्रा उडाला. तोंडावर.”

“आणि बाकीचे?” बाईने कान फाटलेल्याकडे पाहिलं.

“पत्रा,” तो कान फाटलेला म्हणाला. आमचाच होता.

बाईने पिशवी बंद केली आणि यार्डात पत्रे नीट रचून ठेवत जा असं दुभाष्याकडून बजावलं. भित्री असेल, पण मूर्ख नव्हती. धाकट्याला झोळीत घालून नेलं. त्याची दोन बोटं वाचली नाहीत.

मी गाडीपाशी गेले. पडल्याने तिची कूस उकलली होती आणि आतला गाळ बाहेर आला होता. गाळात जे होतं ते मी पाहिलं. ते माझ्यापाशी राहू दे. झाकण मात्र चौकटीसकट सुटून बाजूला पडलं होतं. मी ते उलटलं. आतल्या बाजूला आमच्या न्हाणीघराची कडी होती, कोयंड्यात पूर्ण सरकवलेली. त्याने आतून लावून घेतली होती. गोळ्यांपासून आडोसा म्हणून लावली असेल, आणि मग पूल पडला, पाणी आलं. ती उघडायला त्याला वेळ मिळाला नाही, की वाकल्यामुळे उघडेना, हे मला कळायचा मार्ग नाही. एवढं कळलं की तो कुठेही बेपत्ता नव्हता. आमच्याच कडीने त्याला आत ठेवलं होतं.

कडी झाकणाला जोडलेली, कोयंडा चौकटीला. दोन्ही पक्के. माझ्याने काय, आमच्यातल्या कोणाच्याने ते कापवलं नसतं. नियम त्यासाठीच होता. मी लांब्यासमोर जाऊन उभी राहिले.

“कापून दे,” मी म्हटलं.

त्याने तोंडातलं रक्त थुंकलं, कटर पेटवला आणि गुडघ्यावर बसला. एरवी आमच्या गाड्या तो फाडायचा. ही कडी त्याने कापडाला कात्री लावावी तशी चहूकडून सोडवली, जोडाला धग लागू न देता. कापून झाल्यावर पाण्यात बुडवून गार केली आणि कोयंड्यासकट, लागलेली, तशीच माझ्या हातात दिली. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी ऐकायला थांबले नाही. त्याने माझ्या दिराला वाचवलं आणि त्याने, नाहीतर त्याच्यासारख्याने, माझ्या नवऱ्याला मारलं. यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही. आजही तो समोर आला की माझा अंगठा शिवशिवतो.

घरी सासूबाई भाजी चिरत होत्या. मी कडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती ओळखली, उचलली, आणि आधी चेहऱ्यावर आनंद आला. तो आला का, असं विचारायला तोंड उघडलं. मग त्यांच्या बोटांना कडी लागलेली आहे हे कळलं. ती सरकते का म्हणून त्यांनी ओढून पाहिली. पुन्हा ओढली.

“ही लागलीय,” त्या म्हणाल्या.

“हो, आई.”

“आतून?”

“आतून.”

उठून त्यांनी वरवंटा आणला आणि उंबऱ्यावर ठेवून कडीवर घाव घालायला सुरुवात केली. बोटांवर बसला, रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत. मी हात धरायला गेले तर तोच वरवंटा माझ्यावर उगारला. शेवटी कडी सुटली. ती त्यांनी पदराने पुसली आणि माझ्याकडे दिली. “लाव दाराला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती खिळ्यांनी ठोकली. धाकटा दवाखान्यातून परतला होता, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधलेला. माझ्याशी बोलत नव्हता, पण खिळे त्यानेच डाव्या हाताने धरले. सासूबाई आत गेल्या. कडी सरकली, तिचा तोच जुना खरखरीत आवाज आला. मग नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाखाली आणखी एक आवाज, जो त्यांनी बेपत्ताचा कागद आला तेव्हाही काढला नव्हता.

आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहिलो. पाणी वाहत होतं.

“वहिनी,” धाकटा म्हणाला, “तुम्हाला अंघोळ करायची असेल ना?”

कारखान्याचा भोंगा झाला. वॅगन आली असणार.

“राहू दे त्यांना,” मी म्हटलं, आणि पारोशीच कामाला गेले.